कळलावीची सहाण

कोपरी गावात तुळसा सुईण म्हणजे दुसरी ग्रामदेवीच. फरक एवढाच की देवी शिव्या देत नाही. अर्ध्या गावाला पहिली आंघोळ हिनंच घातलेली, त्यामुळे मिशा फुटलेले बाप्येही तिच्यासमोर आवाज चढवत नसत.

तिच्या परसात कळलावीचा वेल होता. येऊरच्या रानातून कंद आणून तिनंच लावलेला. श्रावण सरला की लाल-पिवळी फुलं अशी पेटत की येणारा-जाणारा थबकायचा. गौरीला ती फुलं हवीतच, पण मुळापासून फुलापर्यंत सगळं जहर. बाई अडली की तुळसा कंद उगाळून तळपायाला लेप लावी आणि मूल बाहेर येताच स्वतःच्या हातानं तो पुसून काढी. पोटात कणभरही जाऊ द्यायची नाही. त्यासाठी सहाणही वेगळी, कडेला टवका उडालेली, परसातल्या कोनाड्यात पालथी ठेवलेली. सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत बायका बाळंतपणाला इस्पितळात जाऊ लागल्या होत्या. लेप उरला तो विंचू चावल्यावर लावण्यापुरता.

त्या साली तिची लेक शकू ठाकुर्लीहून माहेरी बाळंतपणाला आली. लग्नानंतर सात वर्षांनी पाळणा हलला होता. नातवाला न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, गुटी, सगळं तुळसा जातीनं करी. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तेही ती कबूल करत नसे. सून हेमा डॉक्टरचं नाव काढी तेव्हा म्हणे, "मना सगला दिसतंय. तुजी कामचोरी पन दिसतंय."

गौरीच्या आदल्या दिवशी हेमानं घर-परस धुऊन काढलं. कोनाडाही सोडला नाही. गुटीची आणि कोनाड्यातली, दोन्ही सहाणा घासून तिनं ओट्यावर शेजारी शेजारी वाळत ठेवल्या. बिचारीला वाटलं, सासू खूश होईल.

तुळसानं हाताला लागली ती सहाण ओढली. हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, एकेकाचे वेढे दिले. गुटी बाळाच्या तोंडात घालण्याआधी बोटानं आपल्या जिभेवर लावून बघायची, ही तिची रीतच होती. जीभ चरचरली. वेखंडाची चव ही नव्हे. तिनं सहाण डोळ्यांजवळ नेली, मग खिडकीतल्या उजेडात धरली. कडेचा टवका बोटाला लागला. ही कळलावीची सहाण होती.

शेजारी बाळ मुठी चोखत पडलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. चूळ भरून, गुटी मोरीत ओतून गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण तुळसानं हाक मारली.

"शके, पोराला उचल. मी कललावीवर गुटी उगालली गं. माजे डोले गेले."

शकूनं बाळ छातीशी धरलं. आईकडे बघितलं आणि आत निघून गेली. हेमा रडायला लागली. "तुजी काय चूक नाय, बाय," तुळसा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सुनेला चांगलं बोलली असेल. मग तिनं सहाण फोडली आणि फुलांनी लगडलेला वेल कंदासकट उपटून खाडीत टाकला. त्या वर्षी त्यांची गौर नुसत्या तेरड्यावर बसली.

त्यानंतर शकू स्वतःच बाळाला न्हाऊ घाले. पाणी कधी कढत, कधी गार, आणि पोर किंचाळून घर डोक्यावर घेई. तुळसा दारात बसून ऐके, पण उठत नसे. एके दिवशी ती आपण होऊन हेमाला म्हणाली, "चल, दाखव तुजा डाक्टर."

दिवाळीच्या आधी मोतीबिंदू काढून, जाड भिंगाचा चष्मा लावून ती मोरीच्या दारात उभी राहिली. आत शकू घामाघूम, पोर लालबुंद. शकूनं मान वर केली.

"बगत काय बसलीस, आये? पाय लांब कर आनि घे याला."

तुळसा पाटावर बसली. शकूनं बाळ तिच्या पायांवर पालथं ठेवलं. अर्ध्या कोपरीला न्हाऊ घातलेले ते हात थरथरायला लागले, काही केल्या थांबेनात. तेव्हा शकूनं तांब्या उचलला आणि म्हणाली, "तू चोल. पानी मी घालते."