हौदावरची माशी आणि दोन चिठ्ठ्या

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माश्या पकडणं. हसायचं तर हसा, भावकी पण हसली होती.

सकाळचं ऊन नुकतं वर आलं होतं. म्हशींच्या हौदातलं पाणी सांडून चिखल होतो, तिथं ती चहाचा काचेचा ग्लास घेऊन उकिडवी बसलेली. मी मागं पोस्टकार्ड धरून. चिखलावर तांदळाच्या कणीएवढ्या हिरव्या, चकाकणाऱ्या माश्या पळत होत्या.

हे खूळ आमच्या निरवांगीत आणलं बारामतीच्या कॉलेजातल्या, माश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांनी. नव्वदनंतरची वर्षं. गावात केबल आलेली, लोक टीव्हीपुढं आणि आम्ही चिखलापुढं. सर जाळी घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी उसाच्या पाचटात ती फाडून बसले. हिनं ग्लास पालथा घातला, खालून कार्ड सरकवलं आणि माशी त्यांच्या हातात दिली. पुढच्या रविवारी सर पळतच आले.

"मावशी, ही कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. बहुतेक नवीन जात आहे."

"नवी कशी? मी नांदायला आल्यापास्नं हितंच हाय की ती."

सरांनी भिंग देऊन दाखवलं. पंखांच्या शिरा बघायच्या, पायांवरचे केस मोजायचे. खरी ओळख पटते ती नराच्या मागच्या टोकावरून, हे सांगताना मात्र ते माझ्याकडं बघून बोलले. ही म्हणाली, "त्याला भिंग कशाला पायजे? जो नुसता नाचतो आन काम करत न्हाय, तो नर."

खरंच तसं होतं. नराच्या पुढच्या पायांना काळे झुपके. ते हलवत तो मादीपुढं नाचायचा. ती चालू लागली की पळत जाऊन परत पुढं उभा.

"बघा अवो, मिशीला पीळ देतोय. वळखीचा वाटतो का?"

सरांकडं सगळे नरच होते. माद्या सगळ्या जातींच्या सारख्याच दिसतात, म्हणून दोघं जुळलेली असतानाच पकडायला हवी होती. ते काम हिच्याशिवाय कुणाला जमणार? तासन् तास बसायला माझे गुडघे तयार नव्हते.

सर स्पिरिटच्या बारक्या बाटल्या आणि चिठ्ठ्या देऊन गेले. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहायची, शाई विरघळते. गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. एकदा आत टाकलेली चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकली असली तरी राहू द्यायची आणि शेजारी दुसरी टाकायची. नमुना म्हणून एक त्यांनीच लिहून दिली. नाव त्यांनी मला विचारलं होतं, म्हणून त्या चिठ्ठीवर माझं. मी चौथी पास. तसंच गिरवत गेलो.

"काय लिव्हलं?" ही विचारायची.

"पकडणाऱ्याचं नाव."

"म्हंजी माझं."

"मग काय माझं?"

खोटं बोललो. बाईमाणसाचं नाव कॉलेजात कशाला, असं मनाला सांगत होतो. खरं म्हणजे आपलं नाव कॉलेजात जातंय, याचं मला बरं वाटत होतं.

त्या सकाळी तिनं जोडी धरली. मी चिठ्ठी लिहून आत टाकली. तिनं बाटली उन्हात धरून बघितली. डेअरीत दुधाचा पगार घ्यायला ती सही शिकली होती, तेवढं मी विसरलो.

"हे माझं नाव न्हाय."

मी बूच पुसायला लागलो.

"अवो, माशी म्या धरली. तुमी पोष्टकार्ड धरलं."

"सरांनी तसंच लिव्हून दिलंवतं."

"आन खोटं बोलायचं, ते बी सरांनीच लिव्हून दिलंवतं का?" मग तिलाच हसू आलं. "बदला ते. न्हायतर आजपास्नं भाकरी बी पकडणाऱ्यानंच थापायची."

"उद्या बदलतो की."

"व्हय, उद्या."

दुपारी वैरणीचा भारा टाकून ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. छातीत दुखतंय म्हणाली. जीप येईपर्यंत राहिली नाही. दिवस मावळायच्या आत नदीवर सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी उठून हौदापाशी गेलो. माश्या होत्या. नर नाचत होता, त्याला काय.

जोडीची बाटली घेतली. पहिली चिठ्ठी काढायची नाही, म्हणजे माझं खोटं आतच राहणार. राहू दे. दुसरी लिहायला बसलो. एवढ्या संसारात तिचं नाव मी कधी घेतलं नव्हतं, लिहिलं तर नव्हतंच. 'अगं' म्हटलं की भागायचं. दोन चिठ्ठ्या वाया गेल्या. तिसरीवर नीट आलं. गाव, तारीख, पकडणारी म्हणून तिचं नाव. खाली माझं, आणि त्याच्यापुढं, 'पोस्टकार्ड धरलं'.

"चहा घ्या," कुणीतरी हाक मारली.

चिठ्ठी आत सोडली, बूच घट्ट लावलं आणि बाकीच्या बाटल्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या.