चार शेर धण्यांचं चमचाभर तेल

माझ्या नवऱ्याने मुंबईत अकरा वर्षं काढली, एका साबण-अत्तरांच्या कारखान्यात, बाटल्या भरण्याच्या खात्यात. मी इकडे आचऱ्याजवळच्या आमच्या घरी, सासूबाईंपाशी. हे शिमग्याला बोटीने यायचे, आठ दिवस पाहुण्यासारखे राहायचे, आणि माझ्याशी मोकळं बोलायला लागेपर्यंत परतीची बोट धरायची वेळ व्हायची. पुढे त्यांना खोकला जडला. डॉक्टरांनी मुंबईची हवा सोडायला सांगितली, आणि एका मे महिन्यात ते बरं होईपर्यंत म्हणून घरी आले. पत्र्याच्या ट्रंकेत दोन सदरे, एक कोट आणि बाकी सगळ्या रिकाम्या बाटल्या.

कारखान्यात म्हणे एक वयस्कर रसायनवाले साहेब होते. त्यांनी यांना सांगितलं होतं की विलायतेत काही डॉक्टर नुसत्या वासाने माणसं बरी करतात. त्यातही धण्याचं तेल फार गुणाचं. ते हुंगलं की डोकं निवतं, अन्न पचतं, थकवा जातो आणि मनातली काळजी हलकी होते. हे सगळं यांनी मला जेवताना सांगितलं आणि आमटीच्या वाटीकडे बघून म्हणाले, "आनी आमी ते आमटेत घालतंव!"

त्या दिवसांत माझे वर्षाच्या मसाल्याचे चार शेर धणे अंगणात वाळत होते. हे त्यांच्याकडे असे काही बघत राहिले, की तसं त्यांनी माझ्याकडेही कधी बघितलं नव्हतं.

"ह्ये माका दी गो."

"सगळे? मगे मसालो कसलो करू?"

"मसालो तू दर वर्षाक करतंस. ह्यां तेल हयसर कोणीच करूक नाय."

ते खरंच होतं. कुणाला त्याची गरजच पडली नव्हती.

तेल काढायला भांडं हवं. दोडामार्गाकडे आमचे एक लांबचे नातेवाईक होते. त्यांच्याकडे तांब्याचं मोठं भांडं आणि त्याला जोडायची नळी होती. काजूच्या मोसमात त्या भांड्यातून काय निघत असे ते साऱ्या मुलखाला ठाऊक होतं, पण दारूबंदीचे दिवस असल्याने कुणी बोलत नसे. यांनी ते भांडं भरदिवसा, उघड्या बैलगाडीतून, बाजारातून आणलं. आपण औषध करतोय, मग लपवायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

मागीलदारी चूल मांडली. यांनी धणे भरडून भांड्यात घातले, वर पाणी ओतलं, झाकणाच्या फटी कणकेने लिंपल्या आणि नळी थंड पाण्याच्या घंगाळातून काढली. मी जाळ बघायचा आणि यांनी थेंब बघायचे, अशी वाटणी झाली. थेंब फार सावकाश पडत होते, त्यामुळे बोलण्याखेरीज दुसरं काम नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की हे मुंबईत एका खोलीत नऊ जणांबरोबर राहत होते आणि यांची झोपायची जागा दाराच्या आत नव्हती, बाहेर होती. मीही मग पत्रात कधी न लिहिलेलं सांगितलं, कारण माझं प्रत्येक पत्र आधी सासूबाईंना वाचून दाखवावं लागे. मूल नाही म्हणून गावातल्या बायका मला हळदीकुंकवाला कशा मागे बसवत ते सांगितलं. नवरा मुंबईला आणि मूल मात्र इकडे हवं, असा त्यांचा हिशेब.

यांनी उठून चुलीत एक लाकूड सारलं. ते खरं तर माझं काम होतं.

दुपार कलेपर्यंत चरवीभर पाणी निघालं आणि त्यावर तेलाचा पातळ तवंग. यांनी तो पिसाने टिपून बाटलीत घेतला. चहाचा एक मोठा चमचा भरेल एवढा. वास मात्र खरोखर सुरेख होता. गोडसर, थोडा लिंबाच्या सालीसारखा.

पहिल्या रोगी सासूबाई. त्यांना झोप येत नसे आणि राग मात्र लगेच येई. यांनी खोबरेल तेलात चार थेंब घालून त्यांच्या तळपायांना चोळलं आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. सासूबाईंनी तीन-चार श्वास घेतले.

"कसां वाटता?" यांनी विचारलं.

"भूक लागली," सासूबाई म्हणाल्या. "बांगड्याचो सार आसा काय?"

मग दारावर येणारी मासेवाली. तिचं डोकं दुखायचं. तिला यांनी तेलाचा थेंब टाकलेली चिंधी दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डोक्याचां म्हायत नाय, पन गिऱ्हायकां माका इचारतत, मसालो पन इकतंस काय म्हणान."

तिसरे रोगी आपणहून आले, ते म्हणजे पोलीस जमादार. बरोबर एक शिपाई आणि दोन पंच. अंगणात उभं राहून ते शुद्ध भाषेत म्हणाले, "या घरात बेकायदा गाळप चालतं अशी खबर आहे."

हे आनंदाने पुढे झाले. एवढा शिकलेला श्रोता त्यांना गावात मिळाला नव्हता. त्यांनी वासाचं सगळं शास्त्र सांगितलं आणि बाटली जमादारांच्या नाकाखाली धरली. जमादारांचं नाक दारू ओळखण्यात तरबेज होतं, आणि ते केवळ नोकरीमुळे नव्हे, असं लोक म्हणत. त्यांनी हुंगलं आणि तोंड पाडलं. मग त्यांची नजर तेल टिपून उरलेल्या पाण्याच्या चरवीवर गेली. पुरावा तपासलाच पाहिजे म्हणून त्यांनी पेला भरून घेतला. पंचांच्या देखत प्यायले.

मग जमादारांना एक ढेकर आला, असा लांब की शिपायाने टोपी सावरली.

"दोन वर्षां पोटात वारो धरून बसलंय मी," ते म्हणाले. शुद्ध भाषा गेली होती. "वयनी, आणखी एक पेलो मिळात?"

चार पेल्यांत पुरावा निम्मा झाला. उरलेला ते घरी घेऊन गेले. गुन्हा काही नोंदला नाही, पण रिकाम्या हाताने परत जाणं बरं दिसत नाही म्हणून तांब्याचं भांडं मात्र जप्त केलं. दोडामार्गाच्या नातेवाइकांनी त्यानंतर आमच्याशी बोलणं सोडलं. भांडं आमचं, असं चौकीवर जाऊन सांगायची त्यांना सोय नव्हती.

माझ्यापुढे प्रश्न मसाल्याचा होता. धणे पुन्हा आणायचे तर घरात तेवढी ऐपत नव्हती. शेवटी तेल काढून झालेला धण्याचा चोथा मी कडक उन्हात वाळवला, मिरच्यांबरोबर भाजला आणि कुटून मसाल्यात घातला. वासाचा पत्ता नव्हता. आता हे ओळखणार म्हणून मी धास्तावले होते. पहिल्या दिवशी यांनी भात कालवला, घास घेतला, आणि म्हणाले, "यंदा मसालो झकास झालो गो. धण्याचो वास कसो उठून इलो!"

मी आणखी आमटी वाढली.

यांचा खोकला पावसाळ्यानंतर थांबला. तेलाने, असं हे म्हणत. मुंबई सुटल्याने, असं डॉक्टर म्हणाले. मुंबईला परत जायचं नाही, एवढं मात्र यांनी त्या चुलीपाशीच ठरवलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. थोड्या खटपटीने यांना मासे खारवायच्या आवारात कारकुनाची जागा मिळाली. दिवसभर खाऱ्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, आणि सुक्या बांगड्यांच्या ढिगांत बसायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा अंगाला असा वास येत होता की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. यांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता. हे पडवीत बसले, पाय पसरले आणि म्हणाले, "बरी आसा जागा. वारो बरो येता."