न सांगितलेली तिसरी गोष्ट

“घरात चादरी कोण धुतं?”

परभणीच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत आण्णांच्या मेंदूच्या सीटी स्कॅनची फिल्म लावलेली होती. आण्णा, म्हणजे माझे सासरे, चाकाच्या खुर्चीत बसलेले. कपाळावर चार टाके, कारण आदल्या दिवशी ते सेलूला आमच्याच अंगणात तोंडावर पडले होते. शेजारी आमचे हे हात बांधून उभे. आणि डॉक्टर विचारतात चादरींचं.

“मी धुते,” मी म्हणाले.

“किती दिवसांनी?”

लघवीवर ताबा आहे का, हे त्यांचं आधी दोनदा विचारून झालं होतं. आण्णा म्हणाले होते, “हाय की.” हे म्हणाले होते, “तसलं काही न्हाई, डॉक्टर.” दोन्ही वेळा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. आता डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि आण्णा स्वतःच्या गुडघ्यांकडे.

“रोज,” मी म्हणाले. “दोन वर्षं होत आली.”

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. आण्णांनी मान आणखी खाली घातली. त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना मात्र आमच्या लाजेशी देणंघेणं नव्हतं. ते फिल्मवर पेन ठेवून म्हणाले, “चालणं बिघडलंय, विसरायला होतंय आणि लघवी आवरत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, आणि इथं मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसतात. हा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस असू शकतो. खात्री करून घेऊ. तोच असला तर यावर उपचार आहे.”

उपचार आहे! ते दोन शब्द मी डॉक्टरांना पुन्हा म्हणायला लावले.

हे लांबलचक नाव मी पुढं पाठच केलं, म्हणून सोपं करून सांगते. आपल्या मेंदूत सतत एक स्वच्छ पाणी तयार होत असतं आणि जुनं पाणी शोषलं जात असतं. काही म्हाताऱ्या माणसांत हा हिशेब चुकतो. पाणी साठतं, पोकळ्या मोठ्या होतात आणि आजूबाजूच्या मेंदूवर ताण येतो. दाब मोजला तर फार वाढलेला दिसत नाही, म्हणून नावात नॉर्मल. बाकी त्यात नॉर्मल असं काही नाही.

आण्णा सेलूच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते, म्हणजे कापसाची प्रत ठरवायचे. कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी तोंडी सांगायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा लोक पिशवीत कापूस घेऊन घरी यायचे. अशा माणसाचे पाय दोन वर्षांपूर्वी अडखळायला लागले. पावसात काळ्या रानातून चालताना चप्पल चिखलात रुतते ना, तसं ते कोरड्या फरशीवर चालायचे. पाय उचलतच नव्हता. आम्ही म्हणालो, गुडघे. तेल झालं, पट्टा झाला, नव्या चपला झाल्या.

मग विसरणं आलं. कापूस हातात घेऊन नुसते बसून राहायचे. एका डॉक्टरांकडे नेलं आणि फक्त विसरण्याचं सांगितलं. ते म्हणाले, वयाप्रमाणे स्मृतिभ्रंश आहे, गोळ्या द्या, सांभाळा. त्यांना मी दोष देत नाही. आम्ही त्यांच्यापुढं तिन्हींतली एकच गोष्ट ठेवली होती. चालण्याचा आणि डोक्याचा काही संबंध असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तिसरी गोष्ट माझ्यापाशी होती.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आण्णा पुढच्या खोलीत एकटे झोपतात. पहिल्यांदा झालं तेव्हा सकाळी त्यांनी उशाचा तांब्या गादीवर पालथा केला होता. मला म्हणाले, “हात लागला गं माय, पाणी सांडलं.” गादीला कसला वास येतोय ते मला कळलं. मी म्हणाले, “असू द्या आण्णा, वाळू घालते मी.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हापासून आमचा न बोलता करारच झाला. मी संध्याकाळी तांब्या काठोकाठ भरून त्यांच्या उशाशी ठेवायची, म्हणजे सकाळी त्यांना सांगायला काहीतरी असावं. हे जिंतूरच्या शाळेत नोकरीला, सकाळच्या एसटीनं जायचे. त्यांची पाठ वळली की मी चादर भिजत घालायची. शेजारणी म्हणायच्या, “लय स्वच्छतेची आवड हाय बाई तुमाला.” मला स्वतःचं कौतुकही वाटायचं. सासऱ्याची लाज राखते आहे मी, असं.

आता हसू येईल असं सांगते. मी पहिलीच्या वर्गाची शिक्षिका आहे. वर्षानुवर्षं पोरांना बजावत आले, “शू झाली तर लाजायचं नाही, बाईंना येऊन सांगायचं.” घरात माझ्या तोंडाला कुलूप नसतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आणि नेमकं जिथं बोलायचं तिथं मी कॅलेंडर वाचत होते.

खात्री करायची चाचणी दुसऱ्या दिवशी होती. तिला टॅप टेस्ट म्हणतात. पाठीचा खालचा भाग बधिर करून सुई घालतात आणि थोडं पाणी काढून घेतात. आधी आण्णांना व्हरांड्यात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालवलं. मी मनात पावलं मोजली. चव्वेचाळीस. वळताना तर ते जागच्या जागी नऊ वेळा पाय घासत फिरले, तेही नर्सच्या आधारानं.

पाणी काढलं. अर्धी वाटीसुद्धा नसेल. आण्णांना काही तास झोपवून ठेवलं. आम्ही नवराबायको बाहेरच्या बाकड्यावर. मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो होतो.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, “दोन वर्षं? आन् मला एका शब्दानं न्हाई?”

“आण्णांना काय वाटलं असतं?”

“मला काय वाटायलंय ते बघ ना आता.”

मी उठून आण्णांच्या खोलीत डोकावून आले. 

दुपारी आण्णांना पुन्हा उभं केलं. नर्सनं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. ते चालायला लागले. घासत नाही, उचलून. मी पावलं मोजायची विसरले, मग मधूनच मोजायला लागले, मग चुकले. दारापाशी जाऊन ते चार पावलांत वळले आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाले, “काय बघायलात? चहा सांगा की.”

ह्यांनी डोळे पुसले.  मला मात्र आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. अर्धी वाटी पाण्यानं माणूस चालायला लागतो, तर मी दोन वर्षं काय धूत बसले होते?  आण्णांसाठी चांगलं म्हणून मी जे जे केलं, त्यानंच त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

डॉक्टरांना मी विचारलंच, “आधी आलो असतो तर?”

ते स्पष्ट बोलणारे. म्हणाले, “लवकर आलं तर फायदा जास्त होतो. किती, ते यांच्या बाबतीत मी सांगू शकत नाही.” काढलेल्या पाण्याचा परिणाम टिकत नाही, म्हणून शंट बसवायचा सल्ला त्यांनी दिला. शंट म्हणजे बारीक नळी. ती मेंदूतलं जादा पाणी कातडीखालून पोटात नेऊन सोडते, शरीर ते शोषून घेतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी तुंबणं हे धोके त्यांनी लपवले नाहीत. या आजारावर सध्या बरंच संशोधन चाललंय, असंही म्हणाले. शंटनं चालणं सुधारतं याचे पुरावे चांगले आहेत, स्मरणशक्तीची तेवढी खात्री देता येत नाही. झोपेत हे पाणी मेंदूतला कचरा धुऊन नेत असावं, यावरही शास्त्रज्ञ काम करताहेत, पण सगळं अजून ठरलेलं नाही. “आम्हीसुद्धा शिकतोच आहोत,” असं डॉक्टरांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि उलट माझा विश्वास वाढला.

आण्णांना नळीचं समजावून सांगितलं तर ते म्हणाले, “डोक्यातलं पोटात ठेवायचं? ते तर आमच्या घरात सगळ्यांला येतं.” कुणाला उद्देशून बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. सही मात्र स्वतः केली.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. आठ दिवस राहिलो. घरी आल्यावर महिनाभरात चादर कोरडी राहायला लागली. पहिल्या कोरड्या सकाळी मी गादीवर हात फिरवत उभी होते. मागून आण्णा म्हणाले, “बघ बघ, खुशाल बघ.” त्यांना सगळं माहीत होतं, मला माहीत आहे हेही माहीत होतं. मी तिथंच रडले.

तुमच्या घरात कुणी असं असेल, तर हात जोडून सांगते: डॉक्टरांपुढं सगळं बोला. सून असाल तर आधी बोला, कारण बहुतेक घरांत आपल्यालाच ठाऊक असतं. प्रत्येक विसरण्यामागं हाच आजार असतो असं नाही, फार थोड्यांना असतो. पण तपासणाऱ्याच्या हातात पूर्ण गोष्ट तर द्या.

चालणं आलं. डोकं पुष्कळ आलं. पण मधले दिवस आले नाहीत. आण्णांची धाकटी बहीण, जिंतूरच्या आत्याबाई, त्यांची बेबी, गेल्या वर्षी वारल्या. तेव्हा आम्ही आण्णांना नेलं होतं. त्यातलं त्यांच्या डोक्यात काहीच उरलेलं नाही, हे आम्हाला त्यांच्या एका प्रश्नानं कळलं. “बेबीचा फोन का येईना झालाय?”

हे मला स्वयंपाकघरात म्हणाले, “आत्ता नको. ताकद येऊ दे त्यांला.” दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा लपवायला लागले आहे, या विचारानं मला माझीच भीती वाटली. मी समोर खुर्ची ओढून बसले. त्यांच्यासमोर खुर्चीवर मी कधी बसले नव्हते.

“आण्णा, आत्याबाई गेल्या. वर्ष झालं.”

ते बघतच राहिले.  मग म्हणाले, “मी गेलतो का?”

“गेला होता.”

“रडलो का?”

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. “नाही,” मी म्हणाले. “तुम्ही चहा मागितला.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी बसून राहिले, उठून पाणी आणायलाही गेले नाही.  मग त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, “पाणी तापव. अंघोळ करतो.”

गेल्याची बातमी कानावर आली की डोक्यावरून अंघोळ करायची, ही आमच्याकडची रीत. आण्णांनी खांद्यावर पंचा टाकला आणि कुणाचा हात न धरता न्हाणीपर्यंत चालत गेले. दार त्यांनी आतून लावून घेतलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. एका वर्षानं ते बहिणीसाठी मोठ्यानं रडत होते, आणि अंगावर पाणी ओतत होते.