पाय की पाहा

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. माझ्या मावसभावाचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली गेला तो माझ्या एका शब्दामुळे. आणि तो शब्द माझ्या तोंडून चुकून गेला नव्हता.

तो पुण्याकडे वाढलेला. मुंबई इलाखा सोडून आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मास्तर म्हणून आला, इकडचीच मुलगी केली, मोताळ्यात आमच्या शेजारी बिऱ्हाड थाटलं. पुढे त्याची बदली धामणगाव बढ्याला झाली. रोज जायचं-यायचं म्हणजे सायकल हवी. सायकल माझ्याकडे होती, तेव्हा शिकवणंही माझ्याकडेच आलं.

आधी आठ दिवस गावाबाहेरच्या पडीत शिकवलं. धोतराचा सोगा नीट खोच. बसायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघ. उतारावर आधी मागचा, नाहीतर डोक्यावर येशील. डावी बाजू सोडू नको. बैल बुजतात, म्हणून घंटी लांबूनच वाजव. तो सगळं मन लावून ऐकायचा. फक्त नजर चाकावरून हटत नव्हती.

"चाकाकडे काऊन पाह्यतं बे? समोर पाय," मी म्हटलं.

त्यानं झटकन पाय टेकवला. "तूच म्हणालास की, पाय."

आमच्याकडे पाहा म्हणायचं तर पाय म्हणतात, हे त्याला तेव्हा कळलं. दोघंही पोट धरून हसलो. मग तोच गंभीर झाला. "इथं ठीक आहे, पण रस्त्यावर घोळ होईल. बघायचं असेल तर 'पाहा' म्हण. 'पाय' म्हणालास की मी पाय टेकवणार. ठरलं?"

"हाव," मी म्हटलं. आणि आठवडाभर पाहा, पाहा म्हणत राहिलो.

बाजाराच्या दिवशी त्यानं ही गंमत दुकानावर चारचौघांत सांगितली. "आमचे बंधू डोळ्यांनी बघत नाहीत, पायांनी बघतात." तो हसला त्याचं काही नाही. आमचीच माणसं हसली. एकजण म्हणाला, "मास्तरनं तर तुलेच शाळेत घातलं बे." घरी येताना मला माझ्याच जिभेची लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पहिल्यांदा रस्त्यावर काढलं. मी मागून पळत होतो. उतार लागला. समोरून कापसाची गाडी येत होती, जरा रस्त्याच्या मधूनच. डावीकडे जागा भरपूर होती. त्यानं नजर वर उचलली असती तरी पुरे होतं. 'पाहा' माझ्या जिभेवर आलेलं होतं. ते मी गिळलं.

"पाय, पाय," मी ओरडलो.

त्यानं पाय टेकवला. भर उतारावर, वेगात. सायकल गर्रकन फिरली आणि तो गाडीच्या चाकापुढे पडला.

गाडीवाला भेटेल त्याला सांगत सुटला, "ह्या भाऊनं गळा फाडून सांगतलं, पाय पाय. मास्तरनं पाह्यलंच नाही." मला खोटं बोलावंही लागलं नाही.

खोटं बोललो ते नंतर, बुलढाण्याच्या दवाखान्यात. पाय गुडघ्याखालून काढला होता. त्यानं विचारलं, "तू पाहा म्हणालास ना? मला पाय ऐकू आलं."

"पाहाच म्हटलं," मी म्हणालो.

त्यानं पायावरचं पांघरूण सारखं केलं. "मग माझ्याच कानांची चूक."

गाडीवाल्याचं बोलणं पुढे त्याच्या कानावर शंभरदा गेलं असेल. म्हणजे मी 'पाय'च म्हणालो होतो, हे त्याला कळलंच होतं. पण तो कधी बोलला नाही.

नोकरी गेली. ओसरीवर बसून तो पोरांना बाराखडी शिकवायचा. चिडली की त्याची बायको म्हणायची, "दादा पाय पाय ओरडून राह्यले होते, अन् ह्यायले समोर पाहता नाही आलं." तो पाटी पुसत राहायचा. मी समोर असलो तर चहा घेऊन उठायचो.

यंदा पोळा झाल्यावर तो गेला. तेराव्याला ती बायकांना तेच सांगत होती, ह्या वेळी रडत. मी पानावर बसलो होतो. पान तसंच टाकून हात धुवायला उठलो.

आता सांगून तिला काय मिळणार? हलकं झालं तर मलाच होईल, आणि तेवढा माझा हक्क नाही.

तरी देणं आहे ते आहे. त्यानं ऐकलं होतं, मी म्हणालो तेच त्यानं केलं, एवढं तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.