आईने न ओळखलेला सार्जंट

प्रिय डोरो,

तुझी गोष्ट गावातली पोरं वाटेल तसं तिखटमीठ लावून सांगतात. परवा तर एकाने तुला निवड मंडळावर बंदूक रोखून उभं केलं. म्हणून मीच, गावच्या शाळेची माएस्त्रा, ती लिहून काढते. तुला 'तू' म्हणत लिहिलं तर अर्धा कागद रागावण्यातच जाईल, तेव्हा 'तो' म्हणते. चुकलं तिथे बोल, नाहीतर गप्प बस.

इलियोदोरो माग्बानुआ शिपाई म्हणून फौजेत गेला आणि सार्जंट झाला. सुट्टीला बाकीचे कोंबड्यांच्या झुंजी बघायला पळत, हा कॉलेजच्या परीक्षांना बसे. पदवी हातात पडली तसा त्याने गुप्तवार्ता शाखेत अधिकारी होण्यासाठी अर्ज टाकला. वयाच्या अटीमुळे पहिली संधी हीच शेवटचीही होती. लेखी परीक्षा, पळणं, डॉक्टरी तपासणी, सगळं झालं. राहिली चौकशी आणि मुलाखत.

चौकशीला फौजेचा साध्या कपड्यांतला माणूस उमेदवाराच्या गावी जातो. तिथेच घोळ झाला. आमच्या गावामागे डोंगर, आणि डोंगरात बंडखोर. फौजेतल्या पोराचं घर कुठलं हे त्यांना कळलं की घरच्यांचं काही खरं नसे. म्हणून डोरोने भरती होताच गावाला पढवून ठेवलं होतं: परक्याने माझं नाव काढलं तर ओळख द्यायची नाही. मात्र त्याला नीट न्याहाळायचं.

कोपऱ्यावर दुकान चालवणाऱ्या त्याच्या आईने, नानाय पासिंगने, छावणीत फोन केला.

"तोतो, अरे बाळा, एकजण तुला विचारत आला होता."

"मग काय सांगितलंस?"

"सांगते काय! म्हटलं, असला कोणी इथे नाही. मला मूलच नाही."

"नानाय!"

"मग जेवायला वाढलं. उपाशी होता रे. पाऊस आला म्हणून छत्रीही दिली. माएस्त्रा विसरून गेली होती ना, ती."

"खोटं बोललीस आणि वर छत्री?"

"खोटं बोलले म्हणून काय माणूस भिजत पाठवायचा?"

गावाने एका सुरात तेच सांगितलं होतं. शेजारच्या खाटेवरचा बिबोय खो खो हसला. "जिने जन्म दिला तिनेच पुसून टाकलं की रे तुला! तुझा धर्मपिता निवृत्त कर्नल आहे ना? लाव त्याला फोन."

"वशिल्याने आत गेलो तर जन्मभर त्यालाच सलाम ठोकत बसावं लागेल."

"मग गावाला तरी सांग, आता तोंड उघडा म्हणावं."

"आज फौजेच्या माणसापुढे उघडतील, उद्या डोंगरातल्यांपुढे. नको."

आणि त्या माणसाबद्दल विचारायला त्याने घरोघरी फोन लावले. "ऐकलेलं नको, पाहिलेलं सांगा," एवढंच सगळ्यांना म्हणाला.

मुलाखतीत मंडळाच्या कर्नलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सार्जंट, दिलेल्या गावात तुला कोणीच ओळखत नाही. आईसुद्धा नाही. पत्ता खोटा आहे?"

"पत्ता खरा आहे, मॅडम. गाव शिकवल्यासारखं वागलं. शिकवलं मीच."

"हे कोणीही म्हणेल."

"तर गावाने पाहिलेलं सांगतो. तुमचा माणूस लाल मोटारसायकलवर आला. नंबर चिखलाने झाकला होता, पण आरसा एकच होता. शिलाई मशीन विकतो म्हणाला. दोरा कुठला लागतो ते नानायने विचारलं, तर पाणी प्यायला. गिनामोसच्या खारट चटणीची वाटी बाजूला सारली. केस फौजी, डाव्या बुटाची टाच झिजलेली. जाताना हातात निळी छत्री, पिवळी फुलं, एक काडी मोडलेली. तो तुमचा माणूस आहे हा मात्र माझा अंदाज."

भिंतीशी बसलेल्या एका गृहस्थाने डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढला.

"हे तुला आधीच कळलं होतं, तर अर्ज करून खुलासा का नाही केलास?"

"तो गुपचूप आला होता, मॅडम. त्याला ओळखल्याचं मी चारचौघांत कसं सांगणार?"

कर्नलबाई हसल्या नाहीत. भिंतीकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आणि तू अहवालात दोन वेळा भात घेतल्याचं लिहिलंस ना?"

"तीन वेळा, मॅडम," डोरो म्हणाला.

त्याची निवड झाली. खांद्यावर लेफ्टनंटची खूण लावून तो गावात आला तेव्हा नानायने साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, "हा माझा मुलगा!" लगेच इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

आता तुझ्याशी बोलते. ती छत्री माझी होती, डोरो. गावी येताना ती घेऊन ये म्हटलं होतं, तर तू रिकाम्या हाताने आलास.

"त्या माणसाची बदली झाली, माएस्त्रा. कुठे ते कळत नाही."

"गुप्तवार्तेचा अधिकारी ना तू? आणि एक छत्री सापडत नाही?"

"पुढच्या खेपेला नक्की."

त्यानंतर तू तीनदा येऊन गेलास. मी अजून डोक्यावर केळीचं पान धरून दुकानात जाते.