राखीव खोऱ्यातली चुनेवाली

इमामबी मावशीला घाबरत न्हवता असा आमच्या गावात एकच माणूस, खोऱ्याचा रखवालदार सयाजी. खरं सांगायचं तर तोबी घाबरायचा, फकस्त दाखवत न्हवता.

मी कृष्णात, तिच्या चुन्याची गाडी हाकायचो. नवरा गेल्यावर तिनं भट्टी एकटीनं चालवली. आवाज असा की वरच्या आळीला बोलली तर खालच्या आळीची कुत्री उठायची. पण मला कवा उपाशी धाडलं न्हाय.

आमचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला. तवा कोल्हापूरच्या महाराजांचं राज्य, आन् तेंनी आमचं सगळं खोरं राखीव केल्यालं. कुऱ्हाड न्हाय, बंदूक न्हाय, जाळं न्हाय. नदी अशी नितळ की पुरुषभर पाण्यात तळाचं गोटं मोजून घ्यावं. काठाला चुनखडीचं थर, तेच्यातनं झरं गाळून यायचं. "ह्योच दगड पाणी धुतोय आन् ह्योच माझं पोट भरतोय," असं मावशी म्हणायची. सुटी पडल्याली चुनखडी हातानं वेचायचा परवाना साऱ्या खोऱ्यात तिला एकटीला. भट्टी खोऱ्याबाहेर, जळण शेणीचं. रानातली वाळकी काटकीसुदिक ती उचलायची न्हाय.

एका उन्हाळ्यात कुणीतरी मेल्यानं डोहात चुना टाकून मासं मारलं. पांढरी पोटं वर करून हातहातभर मासं तरंगत हुतं, बघवंना. आता चुना कुणाकडं? बोट गेलं सरळ इमामबीकडं. सयाजी दारात येऊन म्हणाला, "बाई, पुन्यांदा एक मासा जरी चुन्यानं मेला, तर परवाना बंद."

"माझा चुना घराच्या भितीला जातोय रं भाड्या, माशाला न्हाय! तुझ्या डोळ्यात घालू का चिमूटभर, मंजी नीट दिसंल?"

तो गेला. पण त्या दिवशी मावशीनं भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. चुनखडी दुसरीकडं कुठं न्हवती. परवाना गेला की भट्टी थंड, आन् भट्टी थंड झाली की ही बाई सकाळी उठणार तरी कशासाठी? मला लई वाईट वाटलं तवा.

मार्गशीर्षात नदीपल्याडच्या गावात शाळेची भित चढत हुती. मावशीची नात हाफिजा त्याच शाळंत जाणार, म्हणून मावशीनं चुना निवडून निवडून भाजला. कळीचा चुना, अजून न विझवल्याला. तेला पाणी लागलं की तो उकळतोय, पोतं पेटतंय, लाकूड जळतंय. म्हणून नदी वलांडायच्या उताराला मी गाडी लई जपून घालायचो. पण त्या दिवशी, मावशीबी संगं असताना, डावं चाक दोन धोंड्यांच्या मधी गेलं, गाडी कलली आन् खालच्या थरात पाणी शिरलं.

आधी चर्रर्र आवाज आला, मग धूर. बैल बिथरलं. मी वरडलो, "मावशी, ढकलू काय पाण्यात?" कुठल्याबी गाडीवानानं तेच केलं असतं. बैल वाचतात, गाडी वाचती.

"खबरदार! खाली डोह हाय. बैल सोड आदी!"

मी जू उपसून बैल काठाला हाकलं. मागं बघतोय तर बाई कमरंएवढ्या पाण्यात उभी, आन् धुमसतं पोतं खांद्यावर. साठीची बाई! मला लाज वाटली. मीबी पोतं उचललं. पाठ अशी भाजली म्हणता, आईशप्पथ, आजबी डाग हाय.

तेवढ्यात धूर बघून सयाजी पळत आला. लांबनंच बोंबलतोय, "परवाना! बाई, तुझा परवाना गेला!"

"तू काढ रं परवाना, पण आदी पोतं धर!"

काय झालं कुणास ठाऊक, तेनं काठी टाकली आन् पोतं धरलं. एक पोतं उसवलं, तर मावशीनं घोंगडं टाकून सगळं उराशी गुंडाळलं आन् तशीच काठावर चढली. तिघांनी मिळून सगळा माल वर, नदीपासनं लांब नेला. मावशीनं मला खड्डा खणायला लावला.

"आता कशाला? चुना गेला की वाया," मी म्हणालो.

"वाया कसा जाईल येड्या? भितीत घालायच्या आदी तेला विझवायचाच असतोय. शाळेजवळ विझवणार हुतो, हितं विझवू."

घागरी भरून आणल्या, खड्डा खदखदला, आन् दोन पहरात लोण्यासारखा चुना तयार! गवंडी पुढं आठ दिवस गाडग्यातनं न्हेत हुता. गाडीच्या तळाची फळी तेवढी जळाली.

मावशीच्या दोन्ही हातांची साल निघाल्ती. मी खोबरेल लावत हुतो. ती सयाजीला म्हणाली, "जा, बघून ये डोहात. मेलाय का एखादा?"

तो गेला आन् बराच वेळ वाकून बघत बसला. परत येऊन म्हणाला, "न्हाय. मासं पोरं खेळल्यागत खेळत्यात." बाई हसली, "मग तू कशाला रडकं तोंड करतोस?"

वर्ष भरलं, परवाना नवा करायची येळ आली. कोल्हापुरासनं साहेब आला. पट्टा-बिट्टा बांधून सयाजी उभा, बाजूला मावशी. तिचं हात पदराखाली. साहेबानं कागद बघितला आन् कपाळाला आठ्या घातल्या. "राखीव खोऱ्यात चुनेवाली कशाला? मागं मासे मेले होते ना इथं? ही बाई कोण?"

सयाजी म्हणाला, "रखवालदार हाय, साहेब. पगार तेवढा माझ्या नावावर निघतोय."

मग तेनं मावशीचा डागाळल्याला हात धरून पदराबाहेर काढला आन् डोहातलं मासं वाचवताना भाजलाय म्हणून साहेबाला दाखवला. साहेबानं बघितलं. आन् सही केली.

साऱ्या गावाला गप करणारी आमची मावशी! सयाजीच्या खांद्यावर डोकं ठेवून बाई सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.