मातीची तार

काकी कोणाच्याही घरी गेली की चेहऱ्याआधी पायांकडे बघायची. "पाय सुके हायत ना?" हा तिचा पहिला प्रश्न. ये, बस, चहा घे, हे सगळं त्यानंतर.

बोईसरच्या आमच्या चाळीत सगळे कारखान्यांतले भाडेकरू. काकी आणि तिचा नवरा मूळचे एडवणचे. चाळीतला पहिला फ्रिज त्यांच्याकडे आला. तो लावायची घाई एवढी, की भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोकं आहेत म्हटल्यावर नवऱ्याने प्लगची तिसरी, जाड पिन करवतीने कापून टाकली. फ्रिज चालू झाला. चाळभर पेढे वाटले.

पुढे फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. काकीने समोर गोणपाट टाकलं. त्यावर उभं राहिलं की काही होत नसे. झालं, प्रश्न मिटला. तुमच्याआमच्या घरांत प्रश्न असेच मिटतात.

श्रावणातल्या एका दुपारी नवरा पाळीवरून आला, मोरीत पाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी दूध काढायला गेला. काकीची किंकाळी ऐकून मी धावलो, मेन स्विच खाली ओढला. तोवर तो दाराला चिकटलेलाच होता. करंट गेल्यावर कोसळला. त्याला ओढताना काकी भिंतीवर फेकली गेली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

परतताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "आजच गोणपाट धुवायला काढलेलं रे."

फ्रिजला गिऱ्हाईक आलं, तर म्हणाली, "कोणाच्या घरात घालू याला?" शेवटी भंगारवाल्याला दिला, तोही आपल्यासमोर फोडायला लावून.

मग चाळीत एकेक फ्रिज येऊ लागले. लोक कुंकवाचं स्वस्तिक काढत, नारळ फोडत आणि नेमकी तेव्हाच काकी दारात उभी.

"मातीची तार घातली का?"

अर्थिंगला ती असं म्हणायची. बायकांना ती अपशकुनी वाटे. ती बाजारात गेली की मगच टेम्पो आत घ्यायचा, असं लोक ठरवू लागले.

शेवटच्या खोलीत नवं बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडेही फ्रिज आला. सुनेचे दिवस भरत आलेले. काकीला बघून सासूने दार लोटलं, तर काकी उंबऱ्यावरच बसली.

"ऊठ," सासू म्हणाली. "स्वतःचा नवरा खाल्लास, आता आमच्या घरावर टपलीस?"

काकी रडेल असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "खाल्ला म्हणूनच सांगते, बाय. सून पोटुशी हाय तुजी. तार घाल, मग मी तोंड नाय दाखवणार."

ती उठली नाही. संध्याकाळी मुलगा वायरमनला घेऊन आला. मागे खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून तार पुरली, तीन भोकांचा सॉकेट बसवला. तेव्हा काकीने लुगडं झटकलं आणि गेली. शब्दाला जागली, त्या दारात पुन्हा कधी उभी राहिली नाही. सुनेला मुलगी झाली, पण बारशाचं बोलावणं तिला गेलं नाही. बाहेरच्या नळाशी रिकामी कळशी घेऊन ती पाळणा ऐकत होती, हे मी पाहिलं.

पुढे तिची तब्येत ढासळली आणि भाऊ तिला एडवणला घेऊन गेला. दिवाळीत मी भेटायला गेलो, तर ती नुकतीच गेली होती. वाडीत केळींजवळ भावाने तिची खाट दाखवली.

"ताप उतरेना," तो म्हणाला. "शेवटी थंड कायतरी दे म्हणाली. आमच्याकडे कुठला फ्रिज? होडीवाल्यांकडून मच्छीचा बर्फ आणला, धुवून दिला. तोंडात नाय घातला तिने. नुसता धरून पडली. सगळं पाणी कोपरावरून गळून गेलं, तरी मूठ काय उघडीना."